विमान सुरक्षेचा नियामक ‘स्वायत्त’ करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

तेरेखोलकाठ (पेडणे)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझा भाचा एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. गेल्या पावसाळ्यात तो चार दिवस आमच्याकडे राहायला आला, तेव्हा बॅग ठेवल्याबरोबर त्याने खोलीच्या खिडकीला आतून काळा कागद चिकटवला आणि दुपारी बारा वाजता झोपून गेला. रात्री जेवायला बसला तेव्हा आज वार कोणता, हे त्याला क्षणभर आठवेना. आमच्या अंगणातून मोपाला उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. मध्यरात्र उलटल्यावर एक विमान खाली येताना पाहून तो म्हणाला, “मामा, ते उतरवणारा किती तासांपूर्वी झोपेतून उठला असेल, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही.” ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणून हा प्रश्न इथे मांडत आहे.

वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारित नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली, रात्रीच्या कामातील लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. हे नियम जून 2024 पासून लागू व्हायचे होते. ते पुढे ढकलले गेले, वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि मग 1 जुलै व 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत ते अमलात आले. त्यानंतर महिनाभरातच देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीकडे पुरेसे वैमानिक नसल्याचे उघड झाले, हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि 5 डिसेंबरला त्याच डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, ही अट तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतली गेली.

तेव्हापासून सगळीकडे एकच सूर ऐकू येतो, की डीजीसीए स्वायत्त करा. मला या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा आहे. स्वायत्त कोणापासून, मंत्र्यांपासून की कंपन्यांपासून? असे विधेयक 2013 मध्ये आले होते, असे वाचले. ते का बारगळले? आणि माझा खरा प्रश्न असा आहे, की असे स्वायत्त मंडळ आज अस्तित्वात असते, तर 5 डिसेंबरची सूट दिली गेली नसती, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

झुआरीकाठ (वास्को)

तुमचा प्रश्न वाचला आणि भाच्याचा काळा कागद डोळ्यांसमोर आला. मी दाबोळी विमानतळावर जमिनीवरच्या कामात नोकरीची बहुतेक वर्षे काढली. कायद्यातले मला फारसे कळत नाही, पण दोन प्रसंग सांगतो, कारण दोन्ही आपल्या गोव्यातले आहेत आणि दोन्ही तुमच्या प्रश्नाशी निगडित आहेत.

जानेवारी 2011 मध्ये दाबोळीवर एक प्रवासी विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरवले गेले. ज्याने हे काम जवळून पाहिले आहे त्याला यातले गांभीर्य सांगावे लागत नाही. पुढचे चाक तो आघात सोसण्यासाठी बनवलेलेच नसते. चौकशी सुरू झाली आणि वैमानिकाची कागदपत्रे बाहेर काढली गेली, तेव्हा वरच्या परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभरातल्या परवान्यांची पडताळणी झाली, आणखी वैमानिक सापडले, आणि खुद्द डीजीसीएतील अधिकाऱ्यालाही अटक झाली. म्हणजे परीक्षा घेणारे तेच, परवाना देणारे तेच, आणि तरीही खोटी गुणपत्रिका पकडली गेली ती दाबोळीच्या धावपट्टीवर चाक आपटल्यावर. त्या वेळी वर कोणता कायदा होता, याने काय फरक पडला असता? टेबलावर आलेला कागद मूळ निकालाशी ताडून पाहणारा एक प्रामाणिक माणूस हवा होता.

दुसरा प्रसंग 27 डिसेंबर 2016 चा. पहाटे पाचच्या सुमारास मुंबईला निघालेले विमान उड्डाणासाठी वेग घेत असतानाच धावपट्टीवरून बाजूला गेले आणि गिरकी घेऊन थांबले. आत 161 माणसे होती. उजाडल्यावर ते विमान मातीत तिरके उभे असलेले, आणि घसरगुंड्या बाहेर लोंबकळत असलेल्या, मी लांबून पाहिले. देवाच्या कृपेने कोणाचा जीव गेला नाही, काही जण खाली उतरताना जखमी झाले. इथे मुद्दा असा, की दाबोळीची धावपट्टी नौदलाची, एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाचे, प्रवासी इमारत विमानतळ प्राधिकरणाची, आणि विमान व वैमानिकांवर देखरेख डीजीसीएची. नियामकाची सत्ता कुठून सुरू होते आणि कुठे संपते, हा प्रश्न आम्ही वास्कोवाले रोज पाहत आलो आहोत. स्वायत्त मंडळ आले तरी ही कुंपणे आपोआप हलणार नाहीत.

मळा-पणजी (वकील)

तेरेखोलकाठ यांच्या प्रश्नातील कायद्याच्या भागाला उत्तर देतो. थोडे लांबेल, पण ते टाळता येणार नाही.

2020 पर्यंत डीजीसीए हे केवळ मंत्रालयाचे एक संलग्न कार्यालय होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने 1934 च्या विमान अधिनियमात त्याला वैधानिक दर्जा मिळाला आणि दंडाची कमाल मर्यादा दहा लाखांवरून एक कोटीवर गेली. पुढे 1934 चा अधिनियमच रद्द होऊन भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आला आणि तो 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. नाव बदलले, दर्जा मिळाला, पण रचना तीच राहिली: महासंचालकांची नेमणूक केंद्र सरकार करते, त्यांच्यावर देखरेख केंद्र सरकारची असते, निर्देश केंद्र सरकार देऊ शकते, आणि डीजीसीएच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे तर तेही केंद्र सरकारकडेच. वीज किंवा दूरसंचार क्षेत्रात असा वाद न्यायाधिकरणापुढे जातो. विमान वाहतुकीत तो त्याच मंत्रालयाच्या छपराखाली फिरत राहतो.

हे वाचताना मला आपल्या हडफड्याची आठवण होते. 6 डिसेंबरच्या रात्री, म्हणजे डीजीसीएने सूट दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिथल्या नाइटक्लबला आग लागून 25 माणसे गेली. ते बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीने दिली होती आणि वरच्या खात्यात तिला स्थगिती मिळाली, असे सरपंचांनी तेव्हा सांगितले होते. त्या प्रकरणात दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. मी फक्त रचनेकडे लक्ष वेधतो. खालचा अधिकारी ‘नाही’ म्हणतो, आणि ते ‘नाही’ टिकते की नाही हे अशा टेबलावर ठरते, जिथे व्यवसाय चालू राहावा हीदेखील जबाबदारी असते. विमान वाहतूक मंत्रालयाचे काम विमानतळ वाढवणे, उड्डाणे वाढवणे, भाडी आवाक्यात ठेवणे हे आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडियाची विक्री होईपर्यंत तर हेच मंत्रालय एका मोठ्या विमान कंपनीचे मालकही होते. डिसेंबरमध्ये प्रवासी अडकले तेव्हा भाड्यांवर मर्यादा घालणारेही हेच मंत्रालय होते. एकाच घरात वाढ आणि सुरक्षा नांदवायची, तर भांडणाच्या वेळी कोणाचे ऐकायचे हे आधी लिहून ठेवावे लागते.

अमेरिकेला हा धडा 1996 मध्ये मिळाला. त्या वर्षी मे महिन्यात फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचे विमान कोसळून 110 जण दगावले, आणि तिथल्या नियामकाच्या, म्हणजे एफएएच्या, कायद्यातून विमान व्यवसायाला चालना देण्याचे कर्तव्य त्याच वर्षी काढले गेले. अपघातांची चौकशी करणारे मंडळ त्यांनी त्याच्याही आधी, 1975 मध्येच, परिवहन खात्यापासून पूर्ण वेगळे केले होते. आपल्याकडे 2012 मध्ये विमान अपघात चौकशी विभाग निघाला, पण तोही त्याच मंत्रालयाखाली. 12 जून 2025 ला अहमदाबादला 260 जणांचा बळी घेणाऱ्या अपघाताची चौकशी हाच विभाग करतो. चौकशीत नियामकाचीच उणीव दिसली, तर ती लिहिणारा आणि जिच्याबद्दल लिहायचे ती संस्था, दोघांचे वरिष्ठ एकच. तपास करणाऱ्यांच्या सचोटीवर मी शंका घेत नाही; त्यांना या अवघड जागी बसवणाऱ्या व्यवस्थेवर घेतो.

आता 2013 च्या विधेयकाबद्दल. ऑगस्टमध्ये नागरी विमान वाहतूक मंत्री अजित सिंग यांनी भारतीय नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले. एका महासंचालकाऐवजी अनेक सदस्यांचे प्राधिकरण आणि शुल्कातून उभा राहणारा स्वतःचा निधी, असा त्याचा गाभा होता. 2014 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झाले, म्हणजे आपोआप रद्द झाले. एवढे तांत्रिक उत्तर झाले. राजकीय उत्तर असे, की नंतरच्या कोणत्याही सरकारला ते पुन्हा मांडावेसे वाटले नाही, आणि विरोधात बसलेल्यांनीही त्यासाठी सभागृह अडवले नाही. मंत्रालयाचा अधिकार कमी करणारे विधेयक मंत्रालयानेच तयार करून आणायचे असते. त्यातून कोणाची मते वाढत नाहीत, आणि ते न आणल्यामुळे कोणी हरल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

रात्रपाळी (फोंडा)

मी विमान देखभाल अभियंता आहे. मळा-पणजी यांचे विवेचन मला पटते, पण त्यात एक कडी राहून गेली असे वाटते. झुआरीकाठ काकांनी तिला स्पर्श केला आहे.

रात्री दोन वाजता हँगरमध्ये टॉर्चच्या उजेडात एखादा भाग तपासून मी लॉगबुकावर सही करतो, तेव्हा त्या सहीवर सकाळी शे-दीडशे माणसे उडतात. माझ्या सहीमागे कोण आहे? कंपनीचा गुणवत्ता विभाग, आणि त्याच्या मागे डीजीसीएचा निरीक्षक. तो निरीक्षक असलाच पाहिजे, आणि माझ्याइतकेच विमान त्याला कळले पाहिजे. परिवहनविषयक संसदीय स्थायी समितीने 2025 मध्ये दिलेला आकडा असा आहे, की डीजीसीएतील 1,063 मंजूर पदांपैकी 553 भरलेली होती. जवळपास निम्मी पदे रिकामी ठेवून कोणालाही स्वायत्त करा, तपासणी होणार नाही. याच समितीने डीजीसीएला प्रशासकीय आणि आर्थिक स्वायत्तता द्यावी अशी शिफारस केली, कारण भरतीची आजची वाट लांब आणि संथ आहे, आणि ज्या वेतनावर अनुभवी वैमानिक किंवा अभियंता मिळतो ते सरकारी वेतनश्रेणीत बसत नाही.

त्यामुळे पूर्वीपासून चालत आलेला मार्ग म्हणजे कंत्राटी उड्डाण निरीक्षक. माणूस कंपनीतून येतो, काही वर्षे तपासणी करतो, पुन्हा कंपनीत जातो. त्यांच्यातले कितीतरी जण अत्यंत काटेकोर असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पण डिसेंबरच्या गोंधळानंतर त्या कंपनीवर देखरेख करणाऱ्या चार कंत्राटी निरीक्षकांची सेवा संपवण्यात आली, ही बातमी वाचून मला फार वाईट वाटले. वैमानिकांची संख्या नियमांना पुरणार नाही, हे महिनोन्‌महिने कळण्याजोगे होते. त्याचा हिशेब त्या चौघांपाशी थांबावा, हे न्यायाचे नाही.

हे बदलता येते, याचा पुरावाही आहे. 31 जानेवारी 2014 ला एफएएने भारताला दुसऱ्या श्रेणीत ढकलले. आपल्या कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणे बंद झाली. मुख्य आक्षेप पुरेशा आणि प्रशिक्षित निरीक्षकांचा होता. जी भरती वर्षानुवर्षे रखडली होती ती मग हलली आणि 8 एप्रिल 2015 ला पहिली श्रेणी परत मिळाली. 2022 च्या आंतरराष्ट्रीय विमान सुरक्षा लेखापरीक्षणात आपले गुण 69.95 टक्क्यांवरून 85.65 टक्क्यांवर गेले. म्हणजे डीजीसीए काहीच करत नाही असे म्हणणे चूक आहे. बाहेरून दडपण आले की काम होते, आणि प्रवाशांच्या बाजूने तसे दडपण कधीच येत नाही.

आणि तेरेखोलकाठ यांच्या ‘कोणापासून’ या शब्दाबद्दल. एफएएकडे पैसा आहे, मनुष्यबळ आहे, प्रमुखाला पाच वर्षांची मुदत आहे. तरीही बोइंग 737 मॅक्सच्या प्रमाणनाचे बरेच काम बोइंगच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवले गेले होते. ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 मधील दोन अपघातांत 346 जण गेले. मंत्र्यापासून अंतर राखले आणि कंपनीच्या मांडीवर जाऊन बसले, तर त्याला स्वायत्तता म्हणता येणार नाही. 2013 च्या विधेयकातला शुल्कावर चालणारा निधी मला म्हणूनच थोडा धोक्याचा वाटतो. ब्रिटनचे प्राधिकरण 1972 पासून मुख्यतः असेच चालते आणि चांगले चालते, पण तिथे शेकड्यांनी कंपन्या आहेत. आपल्याकडे देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा एकाच कंपनीकडे असताना सर्वांत मोठा शुल्क भरणाराही तोच असणार.

कळंगुटचे घर

मी दहा खोल्यांचे अतिथिगृह चालवतो आणि थोडे वेगळे बोलतो, रागावू नये. डिसेंबरच्या त्या आठवड्यात माझ्या सात खोल्या रद्द झाल्या. चार कामगारांना पगार द्यायचा होता. ज्या दिवशी सूट जाहीर झाली त्या दिवशी मला हायसे वाटले, हे मी लपवणार नाही. वैमानिक दमलेला आहे की नाही याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता; इथला पहिला प्रश्न वाचून आज आला. पण नियामकाने सगळ्या वर्षात डोळे मिटून ठेवायचे आणि नेमक्या हंगामात नियमावर बोट ठेवायचे, त्याची किंमत आमच्यासारख्यांनी का भरावी?

मळा-पणजी (वकील)

कळंगुटकर, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. तुम्ही ज्याला हायसे वाटणे म्हणता, त्यातच मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. 5 डिसेंबरला देशभर विमानतळांवर माणसे अडकली होती, आणि त्या दिवशी स्वायत्त मंडळानेही बहुधा काही ना काही सूट दिलीच असती. तेव्हा पर्याय उरलाच नव्हता. फरक पडला असता तो आधीच्या महिन्यांत. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते आणि त्याला मंजुरी डीजीसीएच देते. 1 नोव्हेंबरला नियमांचा दुसरा टप्पा येणार हे माहीत असताना ‘एवढी उड्डाणे चालवायला तुमच्याकडे वैमानिक किती?’ असा प्रश्न विचारून तेव्हाच वेळापत्रकाला कात्री लावली असती, तर तुमच्या पाहुण्यांनी ती तिकिटे काढलीच नसती. ते ‘नाही’ सप्टेंबरमध्ये म्हणायचे होते. तेव्हा त्याची किंमत फक्त कंपनीने भरली असती, आणि म्हणूनच ते म्हणायला पाठबळ लागते.

कोझिकोडचे उदाहरण यासाठीच आठवावे. मंगळूरच्या 2010 च्या अपघातात 158 जण गेल्यावर सुरक्षाविषयक सल्लागार परिषद नेमली गेली. तिच्याच एका सदस्याने 2011 मध्ये कोझिकोडच्या पठारी धावपट्टीवर पावसात, पाठीमागून वारा असताना विमाने उतरवण्याच्या धोक्याविषयी लेखी इशारा दिला. 7 ऑगस्ट 2020 ला तिथे पावसात, पाठीमागून वारा असताना विमान धावपट्टीपलीकडे घसरले आणि 21 जण गेले. परिषद होती, जाणकार होते, पत्र होते. त्या पत्राला उत्तर देण्याचे बंधन मात्र कोणावर नव्हते.

तेरेखोलकाठ (पेडणे)

सर्वांचे मनापासून आभार. मी विचारले होते एक आणि मला मिळाले त्याहून बरेच काही. कळंगुटकर, रागावण्याचा प्रश्नच नाही; माझ्या भाच्याचा पगारही त्याच तिकिटांतून येतो.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन खासदार आहेत. तिघांनाही पत्र लिहायचे ठरवले आहे. ‘डीजीसीए स्वायत्त करा’ असे त्यात लिहिणार नाही, कारण त्यावर ‘होय, नक्कीच’ एवढेच उत्तर येईल. मळा-पणजी, आपण मसुदा तपासून द्याल का? माझ्या मनात असे आहे: 2024 च्या अधिनियमातील अपील मंत्रालयाऐवजी न्यायाधिकरणाकडे जावे, अपघात चौकशी विभाग मंत्रालयाबाहेर काढून संसदेला उत्तरदायी करावा, आणि सुरक्षेच्या नियमातून कोणत्याही कंपनीला सूट दिली तर तिची कारणे, मुदत आणि सही करणाऱ्याचे पद त्याच दिवशी संकेतस्थळावर यावे. यातली तिसरी गोष्ट कायदा न बदलताही करता येईल ना?

मळा-पणजी (वकील)

येईल. तिला फक्त एक आदेश पुरेसा आहे, म्हणून पत्रात तीच पहिली घ्या. रात्रपाळी यांनी दिलेला रिक्त पदांचा आकडाही घाला आणि पदे कधीपर्यंत भरणार, याची तारीख मागा. मसुदा रविवारपर्यंत पाठवा. झुआरीकाठ काकांची हरकत नसेल तर 2011 च्या दाबोळीच्या प्रसंगाचा परिच्छेद त्यांच्याच शब्दांत घेऊ.

झुआरीकाठ (वास्को)

अवश्य घ्या. फक्त तिथे ‘चाक आपटल्यावर’ हेच शब्द ठेवा, ते गुळगुळीत करू नका.